माहेरच्या वेशीवर अडलेली किडनी

मित्रांनो, मी एक जुनी किडनी आहे. वय चौपन्न. पुस्तकात मला मूत्रपिंड म्हणतात, पण त्या नावानं आमच्या पोशीर गावात कुणी हाक मारली असती तर मी ओ दिली नसती. मी मुठीएवढी आहे. घडण वालाच्या दाण्यासारखी. मला डोळे नाहीत, कान नाहीत. तरी माणसाचं सगळं रक्त दिवसातून कित्येकदा माझ्यातून जातं, आणि रक्ताला काही लपवता येत नाही. कोण खरंच जेवलं आणि कोण नुसतं 'जेवले' म्हणालं, कोण गिळून गप्प बसलं, कुणी चोरून सुकट खाल्ली, हे मला घरच्यांच्या आधी कळतं. त्यामुळे माणसांबद्दल माझं मत फार उंच नाही, फार खालीही नाही. मी गाळते आणि मोजते.

माझा जन्म पळसदरीचा. सोनुबाईच्या डाव्या कुशीत मी वाढले, उजव्या कुशीत माझी जुळी बहीण. सोनुबाई बारा वर्षांची असताना तिला कमलेश नावाचा भाऊ झाला. मधली तीन भावंडं जगली नव्हती. आई दिवसभर शेतावर असायची, म्हणून हे पोर सोनुबाईच्या कडेवर. तो बसायचा तो नेमका डाव्या बाजूला, माझ्यावर. म्हणजे आमची ओळख जुनी. तो तिला 'बाय' म्हणायला शिकला तोही तिथेच बसून.

एकोणिसाव्या वर्षी सोनुबाई लग्न होऊन पोशीरला गेली, आणि तिच्याबरोबर आम्ही दोघी. पुढची तीस-बत्तीस वर्षं भातशेतीत गेली. बांधावर आडोसा नसतो, म्हणून शेतावरच्या बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. आवणीच्या, म्हणजे भाताची रोपं लावायच्या दिवसांत सोनुबाई पोटरीभर पाण्यात उभी असायची आणि आम्ही दोघी आत घोटभर पाण्याला महाग. त्याच त्या रक्तातून थेंब थेंब वाचवत आम्ही संध्याकाळ करायचो. वर रात्रीच्या जेवणात बोंबलाची चटणी. शाबासकी कधी मिळाली नाही. गुडघा दुखला की माणूस गुडघ्याला तेल लावतो. आमची आठवण कुणाला येत नाही, कारण आम्ही दुखत नाही. न दुखणाऱ्याला घरात मान नसतो, ही माझी चौपन्न वर्षांची मिळकत.

इकडे कमलेश खोपोलीच्या एका कारखान्यात भट्टीवर लागला. आगीसमोर उभं राहायचं, घाम गाळायचा आणि कंबर दुखली की दुकानातून पांढरी गोळी आणून गिळायची. एक दिवस नाही, अकरा वर्षं. रक्तदाब त्यानं कधी मोजला नाही. 'मला काय झालंय' हे त्याचं आवडतं वाक्य. अडतिसाव्या वर्षी पाय सुजले, तेव्हा कळलं की काय झालंय. त्याच्या दोन्ही किडन्या संपल्या होत्या. मग आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, सुया टोचून यंत्राला बांधलेला. त्याची बायको संजना द्यायला तयार होती, पण तिला साखरेचा आजार निघाला. सोनुबाईनं पोशीरला ही बातमी ऐकली आणि त्याच दुपारी नवऱ्यासमोर उभी राहिली.

नवरा, चांगो, सुपारी कातरत होता. म्हणाला, "दोन हायत ना? मग दे एक. देवानं सगळ्यांना दोन दोन दिल्यात. तुझी जीब तेवढी एक हाय, पण ती दोघींचं काम करते."

मुंबईच्या इस्पितळात डॉक्टर सुरभी नावाच्या बाई होत्या. पस्तिशीतल्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी बहीण-भावाला समोर बसवलं.

"बाहेरची किडनी शरीर ठेवून घेत नाही," त्या म्हणाल्या. "आतले पहारेकरी तिच्यावर धावून जातात. म्हणून जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात, पहारेकऱ्यांना गुंगीत ठेवायला."

"बाहेरची कशी वो? मी सख्खी बहीण हाय त्याची."

"सख्खी आहात, मोठ्या खुणा सगळ्या जुळतात. म्हणूनच तुम्हाला विचारतेय. पण शरीराला नातं समजत नाही. बारीकसारीक खुणा उरतातच. आणि गोळ्यांनी पहारा ढिला पडला की साधा तापही भारी जातो. आमच्याकडे एक प्रयोग चालू आहे. पहारेकऱ्यांना गुंगीत न ठेवता शिकवायचं. आधी किडनी बसवायची. मग किरण आणि औषध देऊन यांचा जुना पहारा बराचसा कमी करायचा. त्या मोकळ्या जागेत तुमच्या रक्तातल्या बीजपेशी सोडायच्या. त्या रुजल्या तर अर्धे पहारेकरी तुमचे, अर्धे यांचे. ते एकमेकांना ओळखायला लागले की गोळ्या हळूहळू बंद करता येतात. खात्री नाही देत. काहींना गोळ्या परत चालू कराव्या लागल्यात."

कमलेशला यातलं निम्मं कळलं नाही. सोनुबाई मात्र पुढं सरकून बसली.

"म्हंजे राब भाजायचा."

"काय भाजायचं?"

"रोप टाकायच्या आधी आमी जागेवर पालापाचोळा, शेण पसरून जाळतो. तणाचं बी मरतं, माती मोकळी होते. मंग भाताचं बी पेरायचं. तुमी ह्याचा राब भाजणार आनी माझं बी पेरणार."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मी हे पाच वर्षं लोकांना समजावतेय," त्या म्हणाल्या, "इतकं सोपं मला जमलं नव्हतं."

"फक्त तुमचं सगळं उलटं हाय. आधी रोप लावणार, मंग राब भाजणार, मंग बी. अख्ख्या कर्जत तालुक्यात अशी शेती कुणी केली नसंल."

"बाय, माझा राब करतायत," कमलेश म्हणाला, "आनी तू हसतेस?"

मग एक समिती बसली. कायद्यानं विचारावं लागतं. एका साहेबांनी विचारलं, सोनुबाई, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? ती म्हणाली, "हाय ना. ह्याला कडंवर घेऊन मी आवणी केली. तो दबाव अजून कमरंत हाय." साहेबांनी काय लिहून घेतलं ते मला ठाऊक नाही. परवानगी मिळाली एवढं खरं.

अशी मी एकावन्नाव्या वर्षी माहेरी परत आले. मला कमलेशच्या उजव्या कुशीत, खाली, जांघेच्या वर बसवलं. त्याच्या जुन्या दोघी वर पाठीशी तशाच होत्या, सुकून आवळ्याएवढ्या. त्यांना काढत नाहीत. सेवानिवृत्त माणसं ओट्यावर बसून बघतात तशा त्या बघत राहिल्या. रक्त सुरू झालं आणि मी टेबलावरच कामाला लागले. त्या दिवशी मी इतकं पाणी काढलं की पिशव्या बदलता बदलता नर्स म्हणाली, "ही काय बहिणीची किडनी आहे की नदी?" माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

पण पहारेकरी आलेच. पळसदरीला शनिवारी धरणावर पाहुण्यांच्या गाड्या येतात. नाक्यावर बसलेली मंडळी आधी गाडीचा नंबर बघतात, मग आतली तोंडं, मग ठरवतात, वाट दाखवायची की चुकवायची. तसंच झालं. पांढऱ्या पेशी माझ्या अंगाला हात लावून जायच्या आणि आपसात कुजबुजायच्या. मी म्हणत होते, अरे, हा माझ्यावर बसून मोठा झालाय! पण माहेरच्या वेशीवर लेकीला कोण ओळखतं? वहिनीचं राज्य असतं.

मग राब पेटला. दहा दिवस किरण, जोडीला औषध. कमलेशला हुडहुडी भरायची, तोंडाला चव नाही. कुजबुज कमी होत गेली. अकराव्या दिवशी सोनुबाईच्या पेशींची पिशवी आली. हाडं ठणकेपर्यंत सुया टोचून घेऊन तिनं त्या आधीच काढून दिल्या होत्या. पिशवी अर्ध्या तासात संपली.

"एवढंच?" कमलेश म्हणाला.

"बी एवढंच असतं रं."

आता आत काय चाललं ते सांगते, कारण ते फार थोड्यांनी पाहिलं आहे. त्या पेशी रक्तातून वाट काढत हाडांच्या पोकळीत गेल्या आणि तिथे रुजल्या. नवे पहारेकरी जन्मले, काही पळसदरीचे, काही पोशीरचे. छातीच्या हाडामागं एक शाळा असते. वयाबरोबर ती ओस पडते, पण कुलूप लागत नाही. तिथे नव्या पहारेकऱ्याला एकच धडा असतो. घरचं कोण ते ओळख. जो घरच्यावरच हात उगारतो त्याला तिथूनच परत पाठवतात, म्हणजे कायमचं. आता त्या शाळेत दोन्ही गावच्या पेशी बसल्या होत्या, त्यामुळे नवी पिढी दोघांना घरचं समजून वाढली. शिवाय एक जात अशी निघाली की तिचं काम दुसऱ्या पहारेकऱ्याचा उगारलेला हात धरायचं. गावात अशी माणसं थोडी असतात, आणि त्यांचा सत्कार कधी होत नाही. पोशीरच्या पहाऱ्यानं उलट कमलेशचंच घर उठवू नये, यावरही डॉक्टरांचं लक्ष होतं. तसं झालं नाही.

दर महिन्याला मोजणी व्हायची, शंभरात सोनुबाईच्या पेशी किती. पहिल्यांदा अठरा, मग चौतीस, सहाव्या महिन्यात एकावन्न. डॉक्टरांनी गोळ्या कमी करायला सुरुवात केली.

"अर्धं रक्त बायचं झालं," कमलेश घरी म्हणाला. "उद्या मी पन तिच्यासारखा भांडायला लागेन."

"लागाल कशाला," संजना म्हणाली, "कालपासून काय करताय?"

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं, मित्रांनो. आता माणसांची गंमत ऐका.

सोनुबाई दर गुरुवारी पोशीरहून यायची. आली की चपला काढायच्या आत कमलेशच्या पोटावर तळवा ठेवायची आणि विचारायची, "माझी कशी हाय?" मग हुकूम सुटायचे. पंख्याखाली बसू नको. हे खाऊ नको. संजना, डाळ पातळ कर गं. जो कमलेश मुकादमाला उलट बोलायचा तो हिच्यापुढं 'हं हं' करायचा. ज्यानं घेतलंय त्याची मान जरा खालीच राहते. मला ते दिसायचं, कारण दर गुरुवारी अकराच्या सुमाराला त्याचा रक्तदाब चढायचा.

सोनुबाईच्या परसातल्या कडुनिंबावर गुळवेल आहे. करोनाच्या वर्षात तिनं निम्म्या पोशीरला तिचा काढा पाजला होता. गोळ्यांनी कमलेशची प्रतिकारशक्ती कमी होते, हे तिनं डॉक्टरांच्याच तोंडून ऐकलं होतं. तिनं सरळ हिशेब केला. ते कमी करतायत, तर आपण वाढवू. बाटली भरली, गुरुवारी घेऊन आली. रोज सकाळी अर्धी वाटी. डॉक्टरला सांगायचं काय त्यात, झाडाचा पाला तो.

पाच आठवडे कमलेश तो काढा कडू तोंडानं पीत राहिला. तिसऱ्या आठवड्यात माझ्याभोवती पुन्हा कुजबुज सुरू झाली. राबातून वाचलेले कमलेशचे जुने पहारेकरी जागे झाले होते, डोळे लाल, हातात काठ्या. हात धरणारे हात धरत होते, पण ते थोडे. पाचव्या आठवड्यात माझ्या अंगावर वार बसायला लागले. मी सुजले. पाणी कमी झालं. रक्तातल्या कचऱ्याचा एक आकडा असतो, तेच माझं प्रगतिपुस्तक. तो एक पूर्णांक दोनवरून एक पूर्णांक नऊवर गेला. आणि माझ्या मागं दुसरी कुणी नव्हती. सोनुबाईकडे आता एकच उरली होती. मी गेले असते तर कमलेश परत त्या यंत्राला बांधला गेला असता.

डॉक्टरांच्या खोलीत तिघंही होते. सुई घालून माझा कण काढून तपासला होता.

"नवीन काही घेताय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय नाय," कमलेश म्हणाला.

संजनानं पिशवीतून बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. खाली बोटभर हिरवं उरलं होतं.

"हे कधीपासून?"

"पाच आठवडं."

"झाडपाल्याचं काही घेऊ नका असं मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

"औषध म्हणून घेतलं नाय, डॉक्टर. बायनं दिलं म्हणून घेतलं."

"गुळवेल हाय ती," सोनुबाई म्हणाली. "तिच्यात वाईट काय नसतं. पहारा वाढतो तिनं..." आणि तिथेच थांबली. मग तिनंच हळू विचारलं, "कुणावर वाढतो?"

"तुमच्या किडनीवर," डॉक्टर म्हणाल्या. "याच्यामुळेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. गोळ्या कमी करतानाही असं होऊ शकतं. पण जो पहारा आम्ही महत्प्रयासानं शांत केला, त्याला उठवायला नको होतं."

बाहेर आल्यावर संजनाचा बांध फुटला. "मी ह्यांना पहिल्याच गुरुवारी बोलले, विचारा डॉक्टरला. ऐकतंय कोण? बाय, तुमी किडनी दिलीत, तुमचे पाय धुऊन पानी पिऊ. पन म्हणून ह्या घरात तोंडच उघडायचं नाय का कुणी?"

सोनुबाई भावाकडे वळली. "तुला आवडत नव्हता काढा?"

"पहिल्या दिवसापासून ओकारी यायची."

"मंग बोलला का नाय रं?"

कमलेश जमिनीकडे बघत म्हणाला, "तुझी किडनी पोटात घेऊन तुला नाय कसं म्हनू, बाय?"

चांगो म्हणतो तशी दोघींचं काम करणारी सोनुबाईची जीभ त्या दिवशी एकीचंही करत नव्हती.

तीन दिवस शिरेतून जालीम औषध दिलं. काठ्या खाली पडल्या, सूज उतरली, आकडा एक पूर्णांक चारवर येऊन थांबला. पूर्वीच्या जागी काही तो परत गेला नाही. माझ्या अंगावर एक व्रण राहिला. गोळ्या पुन्हा पूर्ण सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाल्या, सोनुबाईच्या पेशी टिकल्या तर वर्षानं परत बघू. नाही टिकल्या तर जन्मभर गोळ्या.

सोनुबाईनं गुळवेल तोडली नाही. वेलीचा काय दोष? पण नऊ गुरुवार ती आली नाही. कमलेशचा रक्तदाब त्या दिवसांत चढला नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. मात्र दर गुरुवारी अकरा वाजता त्याचं जेवण अर्धं राहायचं, हेही नोंदवायला हवं. दहाव्या आठवड्यात संजनानंच फोन केला. "बाय, डाळ पातळ केलीय. या."

ती आली. रिकाम्या हातानं. ओट्यावर पाहुण्यासारखी बसली, पाणी दिलं तेव्हा प्यायली. पोटावर हात ठेवला नाही, काही विचारलंही नाही. मला चुकल्यासारखं झालं, आता लपवू कशाला.

पुढचं वर्ष सगळ्यांनी मोजत काढलं. सोनुबाईच्या पेशी एकावन्नवरून एकोणचाळीसवर आल्या होत्या, पण तिथे ठाम राहिल्या. शाळा पुन्हा भरली. गोळ्या पुन्हा उतरत गेल्या, या खेपेला मुंगीच्या पावलांनी. आणि यंदाच्या माघात एका गुरुवारी कमलेशनं शेवटची गोळी घेतली. डॉक्टरांनी बजावलं आहे, तपासणी चुकवायची नाही, जिंकलो असं म्हणायचं नाही. आम्ही म्हणत नाही. त्याला आता पाच महिने झाले.

त्या गुरुवारी सोनुबाई आली होती. वालाच्या शेंगा सोलत बसली होती. कमलेशनं गोळ्यांचं रिकामं पाकीट तिच्यापुढं टाकलं.

"विचार ना."

"काय?"

"नेहमीचं."

तिनं शेंग खाली ठेवली. हात पुढं आला, वाटेत थांबला आणि परत सुपात गेला.

"तुझी किडनी कशी हाय रं?" ती म्हणाली.

"माझी बरी हाय," कमलेश म्हणाला. "तुझी?"

मित्रांनो, त्या घरात हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला. तिच्या उजव्या कुशीत माझी जुळी बहीण एकटीच दोघींचं काम ओढत होती. देणाऱ्यानं दर वर्षी तपासून घ्यायचं असतं. अडीच वर्षांत सोनुबाई एकदाही गेली नव्हती, आणि 'गेलीस का' असं कुणी विचारलंही नव्हतं. सगळ्यांनी घेणाऱ्याचा आकडा पाठ केला होता. देणारीच्या आकड्याचा रकाना कोरा. त्यात मीही आले. इतकं मोजलं, पण माझ्या सख्ख्या बहिणीची चौकशी मला सुचली नाही.

दुसऱ्या दिवशी कमलेश तिला घेऊन गेला. जुळी ठीक निघाली. डॉक्टर एवढंच म्हणाल्या, "पाणी फार कमी पिता."

तेव्हा माझं मागणं एवढंच, मित्रांनो. पाणी प्या. बांधावर, शाळेत, कारखान्यात आडोशाची सोय करून घ्या, म्हणजे बायाबापड्या तहानेल्या राहणार नाहीत. कंबर दुखली म्हणून रोज गोळी गिळू नका. कुणाच्या पोटात कुणाची किडनी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला काही पाजू नका, अमृत असलं तरी. काही दिलंत तर देऊन टाका, त्यावर तळवा ठेवून बसू नका. आणि घेतलंत तर देणाऱ्याकडे काय उरलंय, ते अधूनमधून विचारत जा.

कमलेश विचारतो. सध्या पोशीरला आवणी चालू आहे. रोज अकरा वाजता तो फोन लावतो. "बाय, पानी प्यायलीस का?"

आणि चिखलात उभी राहून, कडेच्या पिशवीतली बाटली चाचपत, सोनुबाई त्याच्यावर खेकसते, "तुला काय करायचंय रं? किडनी माझी हाय."